उरकुडाची हाक

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते विचारू नका. पळसझरीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, माझ्या आज्यानेही ती ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. पण ऐकलेली होती ती पाहणाऱ्याच्या तोंडून. म्हणून आपणही ती तशीच ऐकायची.

तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला माणसांनी घातलेला मातीचा उंच बांध, असा पळसझरीचा तलाव. बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. पारीवर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसतो न दिसतो, एवढं पाणी. पारीच्या पायथ्याशी ढिवरांची वस्ती. ढीवर म्हणजे मासे धरणारे लोक. त्यांना शेत नव्हतं, गुरंही थोडीच. तलाव हेच त्यांचं शेत, आणि एका झाडाच्या खोडातून कोरून काढलेला डोंगा हाच त्यांचा नांगर.

हा तलाव थंडीत झोपतो, असं म्हणतात.

पौषात पाणी इतकं गार होई की मासा तळाला जाऊन चिखलाला पोट लावून बसे. जाळं टाकावं तर रिकामं वर येई. पाणी मात्र इतकं नितळ की डोंग्यातून वाकून पाहिलं तर आपलंच तोंड खालून वर बघतंय असं वाटे. त्या दिवसांत बायका उथळ पाण्यातून कमळाची मुळं उपसून आणत आणि उकडून पोरांना घालत.

मग माघ सरत येई. डोंगरावर पळस पेटे. सकाळी अंगावर घोंगडी आणि दुपारी पाठीला चटका, असे दिवस येत. काठाचं उथळ पाणी दुपारपर्यंत कोमट होई आणि मासा तळ सोडून हळूहळू काठाला येई. आधी झिंगे, मग मरळ, मग मोठे रोहू आणि कतले. लव्हाळ्यात मरळ हवेचा घोट घ्यायला वर आली की पाण्यावर बुळुक असा आवाज होई. तो आवाज कानावर पडला की वस्तीतल्या बायका पाटा-वरवंटा धुऊन ठेवत.

पण याच दिवसांत तलाव कूस बदलतो.

थंडीभर एका अंगावर निजलेलं माणूस ऊब लागली की जसं दुसऱ्या अंगावर वळतं, तसा हा तलाव वळतो. खालचं पाणी वर येतं, वरचं खाली जातं. तळाचा काळा चिखल ढवळून निघतो. पाण्याला कुजक्या पाल्यासारखा वास सुटतो आणि खाली माशाचा जीव घुसमटतो. मग सगळा मासा एकदम वर येतो. तोंडं उघडी टाकून पाण्यावर तरंगतो, हाताने उचलून टोपलीत टाकावा असा. तलावाचा सगळ्यात भरलेला दिवस तोच. आणि त्या दिवशी जो पाण्यावर असतो तो परत येत नाही, असं म्हणतात. तो दिवस माघाच्या शेवटी येतो की फाल्गुनाच्या सुरुवातीला, आज येतो की उद्या, हे कोणालाच कळत नसे.

त्या वस्तीत सायत्रा नावाची एक बाई होती. तिची पोरं जगत नसत. शेवटचं पोरगं झालं तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, पाठ फिरवली, आणि शेजारणीने ते उचलून तिला परत आणून दिलं. नाव ठेवलं उरकुडा. उरकुडा म्हणजे उकिरडाच. उकिरड्यावरची वस्तू कोण नेणार? मरणानेही तिकडे बघू नये म्हणून हे नाव.

मरणाने बघितलं नाही. तलावाने बघितलं.

उरकुडा लहान होता. माघ सरत आला होता. त्याचा बाप भिवा त्याला डोंग्यात बसवून मासे धरायला गेला. ऊन छान पडलं होतं. वस्तीतले बाकीचे लोक त्या दिवशी एका लग्नाला गेले होते, म्हणून तलावावर हा एकटाच डोंगा. लग्नाहून लोक परतले तर तलाव काळा झालेला, काठाला मेलेल्या माशांचा खच, आणि मधोमध भिवाचा डोंगा उपडा तरंगतोय.

भिवा सापडला नाही. पोरगा सापडला. लव्हाळ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सायत्राने त्याला घरी आणलं, लुगड्याने पुसलं, चुलीपुढे बसवलं. पण त्याच्या अंगावरचं पाणी सुकेना. पुसलं की पुन्हा त्वचेतून थेंब फुटत. खूप वेळाने तो बोलला.

"बा खाली हाय," तो म्हणाला. "खाली लय लोक हायेत, माय. ते एकमेकांले हाक मारून रायले. पन कोनाले कोनाचं नावच आठवत नाही. आपलं बी नाही."

सायत्राने त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण घरात जमलेल्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून वस्तीत कोणी उरकुडाच्या फार जवळ बसेनासं झालं.

उरकुडा मोठा झाला तो पाण्याला भिऊन. ढिवराचा पोरगा, पण डोंग्यात पुन्हा कधी बसला नाही. काठावरूनही जात नसे. तलावावरून वारा आला की खिडकीला पोतं लावी. घरात बसून तो जाळी विणायचा. त्याच्या हातचं जाळं फाटत नसे, पण त्याने विणलेलं एकही जाळं त्याने स्वतः पाण्यात टाकलं नाही. बोलणं अगदी हळू. समोरच्याला दोनदा विचारावं लागे. पोरं त्याच्या मागे जाऊन ओरडत, "उरकुडा, पानी आलं!" आणि तो खरंच दचके.

अशा माणसाला बायको कोण देणार, असं सगळे म्हणत. पण बिरजा नावाच्या मुलीने त्याच्याशी लग्न केलं. तिचा बाप तलावात गेला होता, काकाही. तिला बायका म्हणाल्या, "काय पाह्यलं वं त्याच्यात? उंदरावानी भेतो."

बिरजा म्हणाली, "भेनारा नवरा घरी तरी राह्यते."

लग्नानंतर बिरजाला एक गोष्ट कळली. माघाच्या शेवटी कुठल्यातरी सकाळी उरकुडा कापत उठायचा. दात वाजायचे. घोंगडीवर घोंगडी टाकली, चुलीपुढे बसवलं, तरी कापरं थांबायचं नाही. अंगावर ते जुनं पाणी फुटायचं. आणि त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, तलाव कूस बदलायचा.

तिने बायकांना सांगितलं. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं. नवरे हसले. पण त्या वर्षी बायकांनी हट्टाने डोंगे अडवले, आणि दुपारी सगळ्यांनी पारीवरून पाहिलं. पाणी काळं झालं, मासा वर आला, आणि मधल्या डोहात असा भोवरा फिरला की ताडाएवढं झाड गिळून टाकलं असतं. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही. माघ सरत आला की सकाळी एखादी बाई बिरजाच्या दाराशी येऊन विचारी, "कापते का?" बिरजा "नाही" म्हणाली की डोंगे सुटत. "हो" म्हणाली की बांधून ठेवत. बरीच वर्षं अशी गेली की तलावाने एकही माणूस नेला नाही. लोक उरकुडाला मान देऊ लागले का? नाही. एका भित्र्या माणसाच्या कापण्यावर आपण जगतो, याची त्यांना लाजच वाटायची.

मग ते वाईट वर्ष आलं.

पावसाळा अर्धाच झाला होता. तलाव खाली गेला होता. थंडी पडली ती उठेचना. पळस फुलला, तरी पाणी बर्फासारखं. मासा तळाला चिकटून बसलेला. जाळी रिकामी वर येत. कमळाची मुळं संपली. लोक मोहाची साठवलेली फुलं भिजवून खात होते. आणि त्यातच उरकुडा कापायला लागला. एक दिवस कापला, दुसऱ्या दिवशी कापला, आणि कापतच राहिला. रोज सकाळी बाई दाराशी येई, रोज बिरजा "हो" म्हणे, आणि तलाव मात्र नुसता शांत पडून राही. बांधलेले डोंगे कोरडे पडून तडकायला लागले.

वस्तीचा मुखिया होता पैकू. उंच, दांडगा, डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा. एक दिवस तो स्वतः उरकुडाच्या दाराशी आला. उरकुडा कोपऱ्यात घोंगड्यांखाली बसला होता. त्याचे दात वाजलेले बाहेरपर्यंत ऐकू येत होते.

"उरकुडा, अजून कितीक दिवस?"

"मले समजत नाही, मुखिया. थांबतच नाही."

"माही पोरगी बाळंतीन झाली. तिच्या अंगावर दूध नाही. तलावात मासा हाय, अन आमी काठावर बसून तुहे दात आयकून रायलो."

"मुखिया, थोडं थांबा. यंदा तो लय खोल निजला हाय. उठंन तं..."

"तुले पान्याचं भेव हाय," पैकू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आमाले भुकेचं हाय. आता तूच सांग, कोनतं मोठं?"

उरकुडाने मान खाली घातली. पैकू निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारीवरून आरोळी उठली, "मासा! मासा!"

काठापासून पार आतपर्यंत तलाव चंदेरी झाला होता. रोहू, कतले, हाताएवढ्या मरळी, सगळे तोंडं वर करून हवा गिळत होते. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, डोंगरावर पळस लालभडक. त्या दिवशी बिरजाच्या दाराशी कोणी विचारायला आलं नाही. कशाला यायचं? हा तोच दिवस आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण पोटात आग असली की दिसलेलंही दिसत नाही. पैकूने पहिला डोंगा सोडला. त्याच्यामागे सगळे सुटले. बिरजाचा भाऊ मंगरूसुद्धा गेला.

जाळं टाकायची गरजच नव्हती. माणसं ओंजळीने मासे उचलत होती. हसत होती, रडत होती. काठाजवळ लहान मासा आणि आत मोठा, आणखी आत आणखी मोठा. माशामागून मासा धरत डोंगे कधी मधल्या डोहावर पोचले, कोणाला कळलं नाही.

आणि मग वास आला.

कुजक्या पाल्याचा, जुन्या ओल्या कपड्यांचा वास. डोंग्याखालचं पाणी बघता बघता काळं झालं. त्या काळ्या पाण्यातून पांढरी वाफ उठली. आधी गुडघ्याएवढी, मग छातीएवढी, मग डोक्यावरून गेली. काठ दिसेना, डोंगर दिसेना, शेजारचा डोंगा दिसेना. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, तरी लाटा उठायला लागल्या. पाण्याखालून कोणीतरी पाठ वर करून पुन्हा खाली नेतंय, अशा लाटा. डोंगे जागच्या जागी गरगर फिरू लागले आणि कोणती बाजू घराची ते कोणालाच उमगेना.

पारीवर बायका धावल्या. प्रत्येक जणी आपल्या माणसाला हाका मारू लागली. सगळ्यांचा मिळून एकच कालवा झाला. तेव्हा तलावातून उत्तर आलं.

"ओ!"

एकीकडून नाही, सगळीकडून. जिथे डोंगा असूच शकत नव्हता तिथूनही, अगदी पारीच्या पायाशीही. "ओ! ओ!" आवाज माणसांचेच होते, पण थंड. एका डोंग्यातला माणूस अशा एका "ओ"च्या रोखाने वल्हवत गेला. बायकांनी फक्त लाकूड उलटल्याचा आवाज ऐकला आणि त्याची किंकाळी. बाजूच्या डोंग्याने त्याला केसांना धरून वर ओढलं म्हणून तो वाचला. तो नंतर सांगायचा, "तिथं कोनी नव्हतं. नुसतं एक उघडं तोंड होतं, पान्याचं."

बिरजा घराकडे पळाली. उरकुडा घोंगड्यांखाली तसाच बसला होता. तिने त्याला जा म्हटलं नाही. ती नुसती दारात बसली आणि म्हणाली, "मंगरू बी गेला. सगळे तिकडं फिरून रायले. त्याइले आपले कोनते अन ते कोनते, समजत नाही."

उरकुडाने घोंगडीतून डोकं बाहेर काढलं.

मग म्हणाला, "मले भेव वाटते, बिरजा."

"मले बी," ती म्हणाली.

तो उठला. घोंगडी खाली पडली. तो कापतच होता, दात वाजतच होते, आणि तसाच तो पारीकडे चालू लागला. बिरजा त्याच्यामागे.

आता एक सांगायला हवं. पळसझरीच्या तलावात पाण्याखाली एक जुनी पार आहे. फार पूर्वी तलाव लहान होता, तेव्हाचा तो बांध. नवी पार घातल्यावर तो बुडाला. नव्या पारीच्या एका टोकापासून तो सरळ आत जातो आणि मधल्या डोहाच्या अलीकडे एकदम तुटतो. त्या वर्षी पाणी कमी होतं, म्हणून त्या बुडालेल्या बांधावर माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहू शकत होता.

उरकुडा पारीच्या त्या टोकाशी आला आणि बायकांकडे वळला. "सगळ्या गप राहा," तो म्हणाला. कधी नव्हे तो त्याचा आवाज मोठा होता. बायका गप झाल्या.

आणि ज्याने बाप गेल्यापासून घागरीशिवाय पाण्याला हात लावला नव्हता, तो माणूस तलावात उतरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. वाफेने त्याला गिळलं. बायकांना फक्त त्याचे दात वाजलेले ऐकू येत राहिले, दूर दूर जाणारे. मग तेही ऐकू येईनासे झाले आणि आतून हाक आली.

"मंगरू! सोम्याच्या पोरा, मंगरू!"

"ओ!" चहूबाजूंनी उत्तर आलं.

"मंगरू, तुह्या म्हशीचं नाव काय?"

सगळे "ओ" एकदम बंद झाले. खालच्या लोकांना कोणाचं नाव कुठलं आठवायला! त्या शांततेत एकच आवाज राहिला, घाबरलेला आणि चिडलेला, बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणणारा.

"चंद्री! आता म्हशीचं काय काढून रायले, भाटवे?"

"तोच तू! माह्या आवाजावर ये. दुसरीकडं पाहू नको."

मंगरूचा डोंगा वाफेतून आला, बुडालेल्या बांधावर उरकुडाशेजारी आला, आणि वल्ह्याने बांध चाचपत बायकांच्या हातापर्यंत पोचला. बिरजाने भावाला ओढून वर घेतलं.

मग उरकुडाने एकेकाला हाक मारली. घरात बसून त्याने वस्तीतल्या प्रत्येकासाठी जाळं विणलं होतं, त्यामुळे प्रत्येकाचं घर त्याला पाठ होतं. एकाला त्याच्या बायकोचं नाव विचारलं, एकाला मेलेल्या आईचं, एकाला अंगणातल्या कुत्र्याचं. प्रत्येक हाकेला आधी तो थंड "ओ" उठायचा, मग प्रश्न, मग शांतता, आणि त्या शांततेतून एक जिवंत आवाज काहीतरी नाव घेऊन यायचा. डोंग्यामागून डोंगा काठाला लागला. पण दर हाकेला ते "ओ" उरकुडाच्या जास्त जवळून येऊ लागले, असं म्हणतात. आणि पाणी चढत होतं. छातीवरून गळ्याशी आलं होतं.

शेवटी पैकू राहिला.

"पैकू! पैकू मुखिया!"

"ओ! ओ! ओ!"

"मुखिया, तुह्या नातीचं नाव काय?"

शांतता पडली, आणि ती संपेना. पारीवर पैकूची बायको पाण्याच्या कडेशी आली. तलाव इतका गप्प झाला की वाफ पाण्याला घासल्याचंही ऐकू आलं असतं. मग खूप आतून, मोडलेल्या आवाजात, उत्तर आलं.

"तिचं नाव अजून ठेवलं नाही, उरकुडा!"

"ये," उरकुडा म्हणाला. "घरी ये अन ठेव."

पैकूचा डोंगा आला. पैकू पुढे वाकून वल्हवत होता. त्याने पाहिलं, उरकुडाचं फक्त डोकं पाण्यावर आहे, ओठ निळे पडलेत, आणि तो अजून कापतोय. पैकूने हात पुढे केला. "चाल, बस. लौकर!"

उरकुडाने हात धरला. पण तेवढ्यात त्याच्या मागून, जिथे बुडालेली पार तुटते आणि डोह सुरू होतो तिथून, एक आवाज आला. आता तो "ओ" म्हणत नव्हता.

"अन आमी?"

पैकूने तो ऐकला. मरेपर्यंत त्याला तो ऐकू यायचा, असं म्हणतात.

"अन आमाले कोन हाक मारन?"

उरकुडाने पैकूचा हात सोडला. "तुमी जा, मुखिया. बांध सोडू नका."

"उरकुडा! मांगं डोह हाय!"

"मले मालूम हाय," उरकुडा म्हणाला. "तो माहा बा हाय."

तो वळला आणि त्या आवाजाकडे तोंड करून त्याने हाक मारली, "भिवा! लक्षुमनच्या पोरा, भिवा! बा!"

आणि अगदी जवळून, हलकेच, कोणीतरी रडल्यासारखं म्हणालं, "ओ, आलो."

पैकूने जे पाहिलं ते त्याने पुढे प्रत्येकाला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सारखंच सांगितलं. उरकुडा बुडालेल्या पारीच्या टोकाला गेला आणि थांबला नाही. पुढे तळ नसलेला डोह होता, आणि त्यावरून तो चालत गेला. पाणी त्याच्या गळ्यावरून छातीला आलं, छातीवरून कमरेला, कमरेवरून गुडघ्याला. एखादा घाट चढून जावा तसा. आणि त्याचं कापणं थांबलं होतं.

मग वाफेतून नावं ऐकू येऊ लागली. पारीवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती ऐकली. बिरजाच्या बापाचं, काकाचं. एका म्हातारीच्या नवऱ्याचं, जो तिच्या हातावरची हळद उतरायच्या आत गेला होता. ती म्हातारी पदर तोंडात धरून रडायला लागली. मग जुनी नावं आली, आज्यांच्या तोंडून ऐकलेली. मग त्याहून जुनी, कोणालाच माहीत नसलेली, आता कोणी ठेवत नाही तशी. दर नावाला कोणीतरी "आलो" म्हणायचं, आणि दर नावाला एक लाट खाली बसायची. आवाज दूर दूर जात राहिला. वाफ विरली तेव्हा तलाव सपाट होता, पाणी निवळत होतं, आणि उरकुडा कुठेच नव्हता.

बिरजा शेवटपर्यंत उभी होती. लोकांनी तिला बसवायचा प्रयत्न केला, पण ती बसली नाही. तिने हाक मारावी म्हणून मंगरूने तिचा खांदा धरून हलवलं. ती म्हणाली, "आयकू येऊन रायला अजून. गप राह्य."

त्या दिवशीचा मासा वस्तीने खाल्ला. रडत खाल्ला, पण खाल्ला. पैकूच्या लेकीला दूध आलं. डोंगा रिकामा करायच्या आधी, अंगावरचं ओलं धोतरही न बदलता, पैकू तिच्या खाटेशी गेला आणि नातीचं नाव ठेवून मोकळा झाला. नाव ठेवलं उरकुडी. लोक म्हणाले, हे काय पोरीचं नाव? पैकू म्हणाला, "या नावाले मरन उचलत नाही."

पुढे तलाव दर वर्षी कूस बदलत राहिला, आजही बदलतो. पाणी काळं होतं, वास येतो, मासा तोंडं वर करतो. पण त्या दिवसानंतर त्याने पळसझरीचा एकही माणूस नेला नाही, असं म्हणतात.

आता तिथे लाकडी डोंगे राहिले नाहीत, पत्र्याच्या नावा आल्यात. मासेमारांची संस्था आहे, नायलॉनची जाळी आहेत, हवेचा अंदाज मोबाइलवर येतो. तरी माघ सरताना, पळस फुलला की, पहिलं जाळं टाकण्याआधी सगळी वस्ती पारीच्या त्या टोकाशी जमते. नावा पाण्यात थोड्या आत जाऊन थांबतात. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई पाण्यात घोट्यापर्यंत उतरते आणि एकेकाला बापाच्या नावासकट हाक मारते. नुसतं "ओ" म्हणायचं नाही. "ओ" म्हणून घरातलं एक नाव घ्यायचं. कोणी लेकीचं घेतो, कोणी म्हशीचं. ज्याचं घरी कोणी नाही तो कुत्र्याचं घेतो, आणि तेही चालतं. नाव घेतल्याशिवाय कोणाचीही नाव पुढे सरकत नाही. पळस फुलताना त्या वस्तीत एकही मूल बिननावाचं ठेवत नाहीत, कालच जन्मलेलं असलं तरी.

सगळ्यांना हाक मारून होते, पण उरकुडाला कोणी हाक मारत नाही. त्याला नारळ नाही, दिवा नाही. एका वर्षी बाहेरगावचा एक पाहुणा हे बघायला आला होता. त्याला वाटलं, विसरले असतील. त्याने तलावाकडे तोंड करून हाक मारायला तोंड उघडलं, तशी म्हातारीने पाण्यातून बाहेर येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको बापा," ती म्हणाली. "तो कामात हाय. त्यानं इकडं पाह्यलं तं तिकडची हाक थांबन."